कुकू-घड्याळाचा जन्म : दोन वृत्तांतांची चिकित्सा

जुन्या यांत्रिक घड्याळांचा संग्रह करणारांच्या घरीं बहुधा एक तरी कुकू-घड्याळ आढळतें. उतरत्या छपराचें लांकडी घर, त्याच्या माथ्याशीं लहानशी झडप, तास भरतांच झडप उघडून बाहेर येणारा पक्षी, आणि खालीं लोंबणारीं, सूचिपर्ण वृक्षाच्या फळासारखीं ओतलेलीं वजनें, हें त्याचें रूप सर्वांच्या परिचयाचें आहे. विकणारा तें देतांना त्याबरोबर एक हकीकतही देतो. ती अशी कीं, जर्मनींतील श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळें अरण्य, या डोंगराळ मुलुखांत शोनवाल्ड नांवाच्या गांवीं फ्रान्त्स अँटन केटरर नामक घड्याळजी होता. त्यानें चर्चमधील ऑर्गनचा भाता पाहून पक्ष्याच्या आवाजाची ही युक्ति काढिली. साल कोणी १७३० सांगतात, कोणी १७३८. संग्राहक ती हकीकत आपल्या वहींत टिपून ठेवितो, आणि कांहीं वर्षांनीं ती वहीच पुरावा होऊन बसते. या हकीकतीचा उगम कोठें आहे आणि तिची योग्यता किती, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. घड्याळांचा विषय आमच्या वाचकांस किंचित् दूरचा वाटेल. परंतु बखर आणि अस्सल कागद यांतील झगडा ज्यांच्या नित्य परिचयाचा आहे, त्यांस येथें अनोळखी असें फारसें कांहीं भेटणार नाहीं.

प्रथम नांवासंबंधीं दोन शब्द. आपल्याकडे यास कोणी कोकिळेचें घड्याळ म्हणतात. तें तितकेंसें बरोबर नाहीं. आपल्या कोकिळाचा स्वर चढत जाणारा आहे. युरोपांतील कुकू पक्ष्याच्या हांकेंत दोनच स्वर असून दुसरा पहिल्याहून उतरलेला असतो. घड्याळांतील दोन नळ्या याच उतरत्या जोडीसाठीं कापलेल्या असतात. दोन लहान भाते एकामागून एक उचलून सोडले जातात, त्यांतील वारा नळ्यांत शिरतो, आणि हांक उठते. दोन्ही पक्षी आपलीं अंडीं दुसऱ्याच्या घरट्यांत घालणारे, एवढें साम्य मात्र निर्विवाद आहे. परभृत हें विशेषण या घड्याळासही कितपत लागू पडतें, तें पुढें दिसून येईल.

श्वार्त्सवाल्डमध्यें कुकू-घड्याळ कसें आलें याचे जुने वृत्तांत दोन आहेत, आणि दोन्ही धर्मोपदेशकांनीं लिहिलेले आहेत. पहिला फ्रान्त्स श्टायरर या पाद्र्याचा. त्यानें १७९६ सालीं या प्रांतांतील घड्याळाच्या धंद्याचा वृत्तांत लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, फुर्टवांगन येथील दोन घड्याळविक्ये फिरतीवर असतांना त्यांस एक बोहेमियन व्यापारी भेटला. तो लांकडी कुकू-घड्याळें विकीत होता. दोघांस वस्तु इतकी आवडली कीं, त्यांनीं एक विकत घेऊन घरीं आणिलें, त्याची नक्कल केली व ती इतर घड्याळवाल्यांस दाखविली. पुढें पुष्कळ कारागीर तीं करूं लागले. दुसरा वृत्तांत मार्कुस फिडेलिस येक याचा. त्यानें १८१० सालीं श्वार्त्सवाल्डांतील उद्योग व व्यापार यांवर लेखन केलें. त्यांत बोहेमियन व्यापारी नाहीं. तेथें शोनवाल्डचा घड्याळजी आहे, ऑर्गनचा भाता आहे, आणि स्पष्ट शब्दांत शोध लावल्याची गोष्ट आहे. आज जगभर जी हकीकत सांगितली जाते, ती येकची. श्टायररची हकीकत ग्रंथांत राहिली.

दोन वृत्तांतांत अंतर अवघें चौदा वर्षांचें आहे. परंतु दोन्ही घटनेच्या मानानें उत्तरकालीन आहेत. श्वार्त्सवाल्डांतील पहिलीं कुकू-घड्याळें जाणकार साधारणपणें १७४० ते १७५० या दशकांतील मानितात. म्हणजे श्टायरर अर्ध्या शतकानंतर लिहीत आहे आणि येक त्याहूनही मागाहून. तेव्हां कोणासही समकालीन साक्षीदाराचा मान देतां येत नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढिला, तेव्हांपासून बखरीस कोणत्या कसोट्या लावाव्या याचा जो अभ्यास आपल्याकडे चालला, त्याच कसोट्या येथें लावावयाच्या आहेत. लेखक घटनेपासून किती दूर आहे, तो ज्याचा गौरव करतो त्याच्याशीं त्याचा संबंध काय, आणि त्यानें सांगितलेला काळ इतर स्वतंत्र साधनांशीं जुळतो कीं नाहीं?

शेवटच्या कसोटीपासून आरंभ करूं, कारण तेथेंच रूढ हकीकत कोसळते. १९४८ सालीं डोरर यांनीं एक साधी गोष्ट निदर्शनास आणिली. ती अशी कीं, फ्रान्त्स अँटन केटरर याचा जन्म १७३४ चा व मृत्यु १८०६ चा आहे. १७३० सालीं जो जन्मलाच नव्हता त्यानें त्या सालीं शोध लावणें अशक्य आहे; आणि १७३८ हें साल घेतल्यास शोधकाचें वय चार वर्षांचें होतें. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केल्यावर शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा प्रश्न जसा नव्यानें उभा राहिला, आणि जुन्या बखरींतील सालांवर विसंबून रचलेलीं अनुमानें फिरून तपासणें भाग पडलें, तसाच हा प्रसंग आहे. जन्ममृत्यूच्या दोन आंकड्यांनीं शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली गोष्ट थांबावयास हवी होती. ती थांबली नाहीं, ही गोष्ट निराळी.

यावर एक समाधान सुचविलें जाण्यासारखें आहे. तें असें कीं, त्याच घराण्यांतील त्याच नांवाचा कोणी ज्येष्ठ पुरुष खरा शोधक असावा, आणि नांवांच्या सारखेपणामुळें लेखकांचा घोटाळा झाला असावा. आपल्या इतिहासांतही आजा व नातू यांचें नांव एक असल्यामुळें असे घोटाळे वारंवार होतात, म्हणून ही सूचना हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. परंतु अशा सूचनेनें पुराव्याचें ओझें हलकें होत नाहीं, उलट वाढतें. नांव दुरुस्त करून घेणाऱ्यानें त्या ज्येष्ठ पुरुषाच्या हातचें कुकू-घड्याळ, निदान त्याच्या कारखान्याचा मागमूस, दाखविला पाहिजे. श्वार्त्सवाल्डच्या घड्याळजींवर मोठा ग्रंथ लिहिणारे गेर्ड बेंडर यांनीं आपल्या पहिल्या खंडाच्या १९९८ च्या आवृत्तींत केटररनें आरंभीं कुकू-घड्याळें केल्याचा कोणताही माग सांपडत नाहीं असें लिहिलें आहे, आणि हें घड्याळ मूळचें या प्रदेशांतील नव्हे असाही निर्णय दिला आहे. साल टिकावें म्हणून माणूस बदलावयाचा, आणि माणूस टिकावा म्हणून साल बदलावयाचें, ही रीत बखरकारांस शोभते, संशोधकांस नव्हे.

आतां ऑर्गनच्या भात्याची गोष्ट. ती ऐकावयास फार गोड आहे आणि म्हणूनच तिजविषयीं सावध राहिलें पाहिजे. कुकू-घड्याळाची पाठ उघडून पाहणाऱ्या कोणासही दोन भाते आणि दोन नळ्या दिसतात. आणि ज्यानें गांवच्या चर्चमधील ऑर्गन पाहिला आहे त्यास त्याची आठवण होणें स्वाभाविक आहे. म्हणजे वस्तूवरून तिच्या उत्पत्तीची कथा रचली गेली असण्याचा संभव येथें भरपूर आहे. स्थलनामांच्या व्युत्पत्तिकथा आपल्याकडे अशाच जन्मतात. शिवाय ऑर्गन व यांत्रिक कुकू यांचा संबंध खरा असला, तरी तो केटररच्या पूर्वीचा आहे, याचा लेखी पुरावा आहे. आउग्सबुर्गचा फिलिप हाइनहोफर यानें १६२९ सालीं सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट याच्या कुकू-घड्याळाचें वर्णन केलें आहे. ज्ञात वर्णनांत तें पहिलें होय. १६५० सालीं अथानासिउस किर्शर या जेझुइट पंडितानें संगीतावरील आपल्या ‘मुसुर्गिया युनिवेर्सालिस’ या ग्रंथांत आपोआप वाजणाऱ्या ऑर्गनचें वर्णन देतांना त्यांतील कुकूची सर्व यंत्ररचना सांगितली आहे. त्यांतील पक्षी चोंच उघडतो, पंख व शेंपूट हालवितो, आणि त्याचा आवाज दोन नळ्यांतून निघतो. फरक इतकाच कीं, किर्शरच्या यंत्रांत खिळे बसविलेली फिरती लाट हें सर्व चालविते, आणि श्वार्त्सवाल्डच्या घड्याळांत ठोक्यांच्या चक्रमालिकेंतूनच भाते उचलले जातात. पुढें १६६९ सालीं डोमेनिको मार्टिनेल्ली या इटालियन लेखकानें घड्याळांवरील आपल्या पुस्तकांत तास दर्शविण्यास कुकूच्या हांकेचा उपयोग करावा असें सुचविलें.

या तीन उल्लेखांनंतर श्वार्त्सवाल्डमध्यें ‘शोध’ लागण्यास जागाच उरत नाहीं. राजदरबारांतील व पंडितांच्या ग्रंथांतील एक महागडी गंमत शेतकऱ्याच्या घरांत लांकडी चाकांवर कशी आली, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. तो प्रश्न शोधकाचें नांव विचारण्याहून अधिक मोलाचा आहे असें आमचें मत आहे. या प्रदेशांत शेतवाडीची वांटणी न करितां ती एकाच मुलाकडे, बहुधा धाकट्याकडे, जाण्याची चाल होती. बाकीच्यांस दुसरा उद्योग शोधावा लागे. हिंवाळा दीर्घ, लांकूड मुबलक, आणि हात रिकामे. त्यांतून लांकडी घड्याळांचा धंदा वाढला. त्यांतही कामाची वांटणी होती. चाकें कापणारा निराळा, घंटा ओतणारा निराळा, तबकडीची फळी रंगविणारा निराळा. आणि पाठीवर घोडी बांधून तीं घड्याळें इंग्लंड-रशियापर्यंत नेणारे फेरीवाले निराळे. अशा धंद्यांत नवी गोष्ट एका डोक्यांतून निघून पूर्ण होत नाहीं. ती रस्त्यावर भेटते, विकत घेतली जाते, उघडून पाहिली जाते, आणि स्वस्त केली जाते. श्टायररनें नेमकें हेंच सांगितलें आहे.

श्टायररच्या बाजूनें आणखी एक गोष्ट आहे. तो त्याच मुलुखांतील असून, ज्या धंद्याचा वृत्तांत लिहितो त्याच्या नामांकित वस्तूचें श्रेय परक्या फेरीवाल्यास देतो. आपल्या पक्षास उणेपणा आणणारी गोष्ट लेखक सहसा कल्पून लिहीत नाहीं. तसें करण्यास त्यास कांहीं तरी ऐकीव आधार असला पाहिजे. येकच्या हकीकतींत याच्या उलट आहे. तेथें श्रेय घरचें, माणूस घरचा, आणि प्रेरणाही गांवच्या चर्चमधली. दोन साक्षींत एक स्वहिताविरुद्ध आणि एक स्वहिताची, अशी स्थिति असतां प्रथम कोणती तपासावी हें सांगणें नको.

तथापि श्टायररचा वृत्तांत जसाच्या तसा स्वीकारण्यास अडचण आहे, आणि ती अडोल्फ किस्टनर यांनीं १९२७ सालच्या ‘श्वार्त्सवाल्डचें घड्याळ’ या आपल्या जर्मन ग्रंथांत मांडिली. नमुना म्हणून वापरलें गेलें असेल असें एकही बोहेमियन कुकू-घड्याळ आज अस्तित्वांत नाहीं, आणि बोहेमियांत त्या काळीं घड्याळांचा म्हणण्यासारखा धंदाही नव्हता, असा त्यांचा आक्षेप आहे. यांतील पहिला भाग दुर्बळ आहे. लांकडी, स्वस्त, रोजच्या वापराची वस्तु शिल्लक राहिली नाहीं, यावरून ती नव्हतीच असें ठरत नाहीं. किडीनें व चुलीनें किती लांकडी वस्तु खाल्ल्या याचा हिशेब कोणीं ठेविला आहे? दुसरा भाग जोरदार आहे. पण तो श्टायररच्या शब्दांस लागतो कीं त्यांच्या अर्थास, हें नीट पाहिलें पाहिजे. श्टायरर व्यापाऱ्यास बोहेमियन म्हणतो. व्यापारी बोहेमियन असला म्हणून त्याच्या पाठीवरचा माल बोहेमियांत झालेला असला पाहिजे, असें कोठें आहे? काबुली सौदागराच्या गांठोड्यांतील प्रत्येक वस्तु काबुलांत तयार झालेली नसते. येथें बेर्टोल्ड शाफ यांच्या २००८ च्या ‘श्वार्त्सवालडुरेन’ या ग्रंथांतील निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो. प्रत्यक्ष वस्तूंच्या तपासणीवरून त्यांस सर्वांत जुनीं कुकू-घड्याळें फ्रँकोनिया व खालचा बव्हेरिया या भागांत, म्हणजे श्वार्त्सवाल्डहून बोहेमियाच्या दिशेस, सांपडतात. हा भाग फेरीवाल्याच्या वाटेवर ठेविला म्हणजे किस्टनर यांचा आक्षेप आणि श्टायररची हकीकत यांतील विरोध बराचसा नाहींसा होतो. हें आमचें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. परंतु त्यास वस्तूंचा आधार आहे, आणि येकच्या पक्षास तो नाहीं.

मग लोकांत येकच कां जिंकला? एका माणसाचें नांव, एका गांवाचें नांव आणि एक चित्र, एवढें मिळालें म्हणजे कथा चालते. दोन निनांवी फेरीवाले आणि एक निनांवी परदेशी यांचा पुतळा कोणी उभारीत नाहीं. त्यांतही गंमत अशी कीं, इतकें करूनही श्रेय पुष्कळदां तिसऱ्यासच मिळतें. १९४९ च्या ‘द थर्ड मॅन’ या गाजलेल्या चित्रपटांतील एका संवादानें कुकू-घड्याळ स्वित्झर्लंडच्या पदरांत टाकिलें, आणि ती समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणीं कायम आहे.

संग्राहकांचा याहून मोठा गैरसमज रूपाविषयीं आहे. आरंभीं वर्णिलेलें घरासारखें रूप पाहून तें अठराव्या शतकांतील मानण्याची चाल आहे. वस्तुस्थिति अगदीं वेगळी आहे. फुर्टवांगन येथील घड्याळ-शाळेचा संचालक रॉबर्ट गेर्विग यानें १८५० च्या सप्टेंबरांत नव्या धर्तीच्या घड्याळांच्या नमुन्यांसाठीं जाहीर स्पर्धा लाविली. बाडेनच्या रेल्वेच्या इमारती बांधणारा वास्तुशिल्पी फ्रीडरिख आइझेनलोर यानें जो नमुना पाठविला तो रेल्वेच्या पहारेकऱ्याच्या चौकीचा दर्शनी भाग होता. त्यांत तबकडी बसविलेली आणि वेलींची नक्षी. ज्यास आपण प्राचीन वनांतील कुटीर समजतों तें आगगाडीच्या सडकेवरचें घर आहे! आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणें गाडी धांवली ती १८५३ सालीं. या घड्याळाचें रूप तिच्याच पिढीचें. प्रसिद्ध घड्याळजी योहान बाप्टिस्ट बेहा यानें २० डिसेंबर १८५४ रोजीं फुर्टवांगनच्या गोर्डियान हेटिख या व्यापाऱ्यास दर्शनी भागावर तैलचित्रें असलेलीं दोन कुकू-घड्याळें विकलीं, आणि त्यांस ‘स्टेशनचीं घड्याळें’ म्हटलें गेलें. शिकारीच्या देखाव्याचें कोरीव काम १८६१ च्या सुमाराचें; हाडाचे कोरीव कांटे व फळांच्या आकाराचीं वजनें बेहानें १८६२ पासून वापरलीं. म्हणजे ज्या चार खुणांवरून घड्याळ ‘फार जुनें’ ठरविलें जातें त्या चारही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या आहेत. त्या खुणा असलेल्या घड्याळावर १७३० चें साल लिहिणें म्हणजे छापील पोथीवर ज्ञानदेवांच्या हस्ताक्षराची चिठी लावणें होय.

याच गेर्विगनें १८५२ पासून प्रांतांतील जुनीं घड्याळें गोळा करण्यास आरंभ केला; फुर्टवांगनच्या आजच्या जर्मन घड्याळ-संग्रहालयाचें मूळ तेथें आहे. नव्या नमुन्यांची स्पर्धा लावणाऱ्याच गृहस्थानें जुने नमुने वांचवावे, यांत आम्हांस विशेष वाटतें. जुनें टाकून नवें करण्याच्या घाईंत जुन्याचा पुरावा प्रथम नष्ट होतो हें त्यास कळलें होतें. आणि या विषयांत वस्तु हाच मुख्य पुरावा आहे, कारण जुन्या श्वार्त्सवाल्ड-घड्याळांवर करणाराचें नांव बहुतेक नसतें. जेथें पुष्पिका नाहीं अशा पोथीचा काळ आपण कागद, शाई, अक्षराचें वळण आणि समासांतील टिपा यांवरून ठरवितों. तेथें चाकें लांकडाचीं कीं पितळेचीं, लंबक तबकडीच्या पुढें कीं मागें, तास दाखविणारा एकच कांटा कीं दोन, यांवरून ठरवावें लागतें. आरंभींच्या घड्याळांत लंबकाच्या जागीं आडवी डोलणारी दांडी असे. लंबक आल्यावर पुष्कळ जुन्या यंत्रांत ती काढून लंबक बसविण्यांत आला. अशा वेळीं फळींत उरलेलें एखादें निरुपयोगी भोंक हें सर्वांत बोलकें अक्षर असतें.

आणि नेमकें तेंच भोंक संग्राहक बुजवून घेतात. घड्याळ चाललें पाहिजे, पक्षी ओरडला पाहिजे, पेटी चकाकली पाहिजे, या हौसेपायीं दुरुस्तीच्या नांवाखालीं जें होतें तें पोथीच्या समासांतील टिपा धुवून काढण्यासारखें आहे. भात्याचें चामडें किंवा कागद विरतो हें खरें, व तो बदलावा लागतो हेंही खरें. पण जुना भाता फेंकून देण्याचें कारण नाहीं. भाता मूळचा कीं मागाहूनचा यावरच तें घड्याळ जन्मतः कुकूचें होतें, कीं साध्या घड्याळास पुढें पक्षी जोडला, हा निकाल अवलंबून असतो; आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाचा दावा करणाऱ्या प्रत्येक नगाची किंमत या एका प्रश्नावर उभी आहे. एका घड्याळाचें यंत्र व दुसऱ्याची पेटी यांचें लग्न लावून विकण्याची चालही जुनी आहे. दोन अपुऱ्या पोथ्यांचीं पानें एका पुठ्ठ्यांत बांधलेलीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस तिचें वर्णन करावयास नको. तबकडीवरील नांव हेंही बहुधा विक्रेत्याचें असतें; तें करणाराचें समजून चालणें धोक्याचें आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांत दर तासाला यांत्रिक पुतळा बाहेर येऊन ठोके देतो, आणि तें पाहण्यास माणसें दाटी करितात. त्या घड्याळाशीं निगडित असलेलें कुक आणि केल्वी हें नांव कलकत्त्याच्या एका पेढीचें आहे. पेढीचें नांव वाचलें म्हणजे प्रत्येक चाक कापणाराचें नांव वाचलें, असें कोणी समजूं नये.

तेव्हां लांकडी चाकांचें, रंगीत फळीच्या तबकडीचें, भाता तपासलेलें असें एखादें जुनें कुकू-घड्याळ संग्रहांत आल्यास त्याच्या नोंदींत ‘श्वार्त्सवाल्ड, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, कर्ता अज्ञात’ असें लिहावें; यंत्रांतील प्रत्येक बदललेला भाग व प्रत्येक रिकामें भोंक मोजून त्याची जागा द्यावी; काढलेला भाता पुडींत बांधून त्याच क्रमांकानें ठेवावा; आणि केटररचें नांव द्यावयाचेंच असेल तर तें हकीकतीच्या रकान्यांत, ‘येक, १८१०’ असा आधार जोडून, श्टायररच्या खालीं द्यावें.